तीन मिलीचा सूट

मंगळवार संध्याकाळ, सांगली

चार दिवस लिहायचं टाळलं. लिहिलं की ठरवावं लागतं.

सोमवारी मालवणात स्कूबा डायव्हिंगच्या कामावर हजर व्हायचंय, नि मी पाण्यात घालायचा सूट घेतला तो ढगळ. अब्बा शिंपी. वाढतं अंग म्हणून ते आमचे कपडे ढगळच शिवायचे, तीच सवय नडली. तिथले सर फोनवर हसले, "अरे, सैल सुटात पाणी खेळतं, गारठशील. आपला समुद्र कोमट. तीन मिली जाडीचाच घे, पण अंगाला घट्ट."

बदलू? का जाऊच नको? थोरला भाऊ विहिरीत बुडाला तवापासून अब्बा पाण्याचं नाव काढू देत नाहीत. "गेलास तर तोंड दावू नगंस," म्हणाले. तीन मिलीचं रबर लय पातळ वाटतंय.

आत्ता दारात अब्बा आलेत. गावाकडनं, आटपाडीहून, न कळवता. अडवायला आलेत का निरोप द्यायला, कळंना. चपला काढतायत.