अडतीस फुटांवरची लाल माती

१२ मे
लागली! मनकर्णाबाईंच्या नव्या विहिरीत, अडतीस फुटांवर लाल माती. सोनपेठपासून इथवर दोन महिने हिंडले ते हिच्यासाठी. वर काळा पाषाण, खाली काळा पाषाण, मधे पुरुषभर माती. वरच्या भागात हरभऱ्याएवढे बॉक्साइटचे दाणे — म्हणजे हजारो वर्षं पाऊस हिच्यातून निथळत राहिला. तळाशी करडी, पानांचे काळे ठसे — म्हणजे साचलेलं पाणी. दोन लाव्हांच्या मधल्या काळातली दलदल! प्रबंधाला हेच हवं होतं.

१४ मे
विहीर खणणारे मुंजाजी दुपारी काम टाकून वर आले. "म्याडम, भिंतीतून कुणीतरी फुंकायलंय."
हसले मी. मग क्रेनच्या पाळण्यातून खाली गेले. करड्या मातीत जुन्या मुळांची भोकं, बोट जाईल एवढी. समोर कागदाचा कपटा धरला — थरथरला. गालाला गार हवा. कुजक्या पानांचा वास. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची पानं!

१५ मे
सकाळी तोच कपटा भोकाला चिकटून बसला. आत ओढत होतं. सकाळी आत, दुपारी बाहेर. दुपारी वायुदाब उतरतो, म्हणून — हे मला कळतं. तरी त्या भोकांकडं पाठ करून उभं राहवेना.

१६ मे

कॉलेजातून हवा मोजायचं मीटर मागवलं होतं, ते घेऊन पोचले. आभाळ भरलेलं, दाब उतरलेला. मुंजाजी पहार आणायला आधीच उतरले होते. काठावरून हाक मारली.
"आलो, आलो." शांत. झोपेतल्यासारखं. पण बसलेलेच! दुसऱ्या हाकेला ओच नाही.
कमरेला दोर होता म्हणून मुंजाजी वाचले. ओढून काढलं तेव्हा ओठ निळे. मीटर खाली सोडलं — प्राणवायू नऊ टक्के. वर एकवीस.
ती दलदल अजून कुजतेय. भोकांतून शिरेल तो प्राणवायू खाते आणि उरलेलं परत फुंकते.
शुद्धीवर आल्यावर मुंजाजी म्हणाले, "काय बी दुखलं न्हाई. नुसतं बसावं वाटलं."

१७ मे
काम बंद.  संध्याकाळी मनकर्णाबाई म्हणाल्या, "आमच्या जुन्या हिरीत सोडा की तुमचं यंत्र."
ओढ्यापलीकडं, फरशा टाकून झाकलेली. एक फरशी सरकवली. भिंतीत तोच लाल पट्टा.
सात टक्के.
बाई काठावरच बसल्या.

१८ मे
सकाळी सांगितलं त्यांनी. "माजी थोरली जाऊ, कुसुमबाई. बादली काढाया उतरली होती वो त्या हिरीत. बावीस वर्सं समदं गाव म्हणतंय, जीव दिला. म्या बी म्हणलं. तिच्या लेकीला बी तेच सांगितलं."
मग बाईंनी पोखर्णी गावी त्या लेकीला फोन लावला. तिकडून "काकू?" ऐकू आलं.  बाईंनी फोन माझ्या हातात दिला — "तुमी सांगा."