आवणीत मागं सरायचं असतं

बा, मला तुझा राग येतो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो. मोखाड्याच्या ऑफिसात मी दिवसभर खुर्चीवर बसून लोकांचे अर्ज कॉम्प्युटरवर भरतो, घरी आलो की मोबाइल. पाठ धरली, पोट सुटलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून संध्याकाळी बाजारापासून फाट्यापर्यंत रिकाम्या हातांनी जातो आणि तसाच परत येतो. जीपवाले विचारतात, "काय भाऊ, गाडी चुकली का?" काय सांगू त्यांना? घाम काढायला निघालोय म्हणून? ज्या गावात माणसं घाम गाळून थकली, तिथे?

ही तुझी करणी. आपल्या गावी, दाभोशाला, तू दुसऱ्याच्या शेतात आवणीला, भाताची रोपं लावायला, जायचास. एकदा मीही चिखलात उतरलो, भाताच्या रोपांची मूठ हातात घेतली, तर सगळ्या बायांदेखत दंड धरून तू मला बांधावर ढकललंस. "नीघ वर! मी राबतो तेवढा पुरे. तू सावलीत बसाचा." बसलो ना, बा! जन्मभर बसलो. आपली जमीन नव्हती, दुसऱ्याच्या चिखलात माझी हाडं झिजू नयेत असं तुला वाटलं, हे कळतं मला. पण रोप कसं धरतात एवढं शिकवलं असतंस तर काय बिघडलं असतं?

परवा शनिवारी सुट्टी होती. तिरीमिरीत दाभोशाला, शेजारच्या काकीच्या शेतावर गेलो, बायांच्या रांगेत उभा राहिलो आणि रोपं लावत सरळ पुढे चालू लागलो. बायांची हसून पुरेवाट झाली. काकी ओरडते, "आरं, मागं सर, मागं! पुढं चालशील त लावलेलाच तुडवशील!" मग वाकून मागं सरत राहिलो. कंबर मोडली. दुपारी मान वर केली तर समोर माझी ओळ, वाकडीतिकडी, पण उभी. डोळ्यांत पाणीच आलं. "उद्या येतो," असं सांगून निघालो. काकी म्हणाली, "ये. तुझी भाकर टाकून ठेवतंय."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं सांगतो. काल सकाळी अंग ठणकत होतं, पण उठता येत होतं. मी काकीला फोन केला, ऑफिसात तातडीचं काम निघालंय म्हणालो, आणि दुपारपर्यंत अंथरुणात मोबाइल बघत पडलो. काल रविवार होता, बा. काकीला वार कळतात. ती नुसतं "बरं" म्हणाली.