सीट जरा डावीकडे

३ फेब्रुवारी, मंगळवार

नापास! ही नापास झाली! लिहितानाही खरं वाटत नाहीये.

ही म्हणजे माझी बायको. डेपोत सगळे तिला वाघीण म्हणतात. निम्मं आयुष्य बसच्या स्टिअरिंगमागे गेलं, पण गाडीवर साधा ओरखडा नाही. आणि ती चाचणीत नापास! नवी जोडबस येतेय, दोन डबे जोडलेली, लांबच लांब. ती कोणाच्या हातात द्यायची याची ही चाचणी. तीही खऱ्या गाडीवर नाही. प्रशिक्षण केंद्रात एका खोट्या केबिनमध्ये बसवतात आणि समोर पडद्यावर रस्ता पळतो. हिने आधी डावीकडचा फूटपाथ घासला, मग थांब्याचा खांब पाडला. पडद्यावरचा, पण पाडलाच ना!

घरी आली, चप्पल भिरकावली, म्हणाली, 'खेळणं आहे ते. त्याच्यावर कोण गाडी चालवतं?' आणि न जेवता झोपली. आई मला खुणेनं विचारतेय, काय झालं? मी काय सांगणार, कपाळ!

५ फेब्रुवारी, गुरुवार

महिन्याभरानं आणखी एक संधी देणार आहेत. तेव्हाही चुकली तर जोडबस गेलीच, वर आहे त्या बसवरूनही उतरवून चौकशीच्या खिडकीत बसवतील. 'खिडकीत बसण्यापेक्षा घरी बसेन,' म्हणाली. घरी बसली तर दोन दिवसांत आम्हा मायलेकांना वेड लावेल. आता हे गमतीनं लिहिलं खरं, पण मला मनातून भीती वाटतेय. गाडीशिवाय ही कशी दिसते ते मी पाहिलेलंच नाही.

६ फेब्रुवारी

आज ही स्वतः म्हणाली, 'मला घरी तसलंच एक करून द्या.' जिला ते खेळणं वाटत होतं, ती! मी चहाचा कप हातात धरून बघतच राहिलो.

८ फेब्रुवारी, रविवार

मेहुण्याला बोलावलं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि उरलेला वेळ रेसिंगच्या गेममध्ये घालवतो. या वयात! पण आज कामाला आला. स्वतःचं खेळायचं स्टिअरिंग आणि पेडल उचलून घेऊन आला. म्हणाला, 'ताई, बसचा गेम नाहीये माझ्याकडे. रेसची गाडी आहे. चालेल?' ही म्हणाली, 'चाकं आहेत ना? मग चालेल.'

स्टिअरिंग टेबलाला आवळलं, पेडल जमिनीवर ठेवलं. हिनं ब्रेक दाबला. पेडल सरकत थेट आईच्या खोलीत! आई किंचाळली. 'अहो, याला नीट सांगाडा पाहिजे,' ही म्हणाली. अहो म्हणजे मी. फाटकं, ग्रिल, जिने बनवणारा माणूस. आता घरात रेसची केबिन बनवायची. ऐकावं ते नवलच!

११ फेब्रुवारी

भंगारवाल्याकडून एका चेपलेल्या कारची सीट आणली. चांगली घट्ट आहे, पाठ दोन्ही बाजूंनी धरते. चौकोनी पाइप कापून सांगाडा जुळवला. स्टिअरिंगला उंच कमान केली, पेडलला जाड पत्रा तिरका लावला. मागच्या खोलीतलं कपाट व्हरांड्यात गेलं, आईचा टीव्ही मागच्या खोलीत आला. त्यावरून आई बोलत नाहीये.

गुण्या लावून पाहिला, दोरी ताणून पाहिली. सीटचा मध्य, स्टिअरिंगचा मध्य, टीव्हीचा मध्य — तिन्ही एका रेषेत! माझ्या हातचं काम सूतभरही वाकडं नसतं. दुकानाच्या पाटीवर तसं लिहिलंय ते उगाच नाही.

१२ फेब्रुवारी

पत्रा वाकला!! हिच्या ब्रेकनं! माझा जाड पत्रा! मेहुणा हसून हसून लोळला. 'दाजी, बसवालीचा पाय आहे तो.' खालून दोन आडवे पाइप लावून वेल्ड मारले. आता हत्ती उभा राहू दे.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज पहिली खरी फेरी. लाल गाडी, वळणावळणाचा रस्ता, दोन्हीकडे भिंती. ही पहिल्याच वळणावर डाव्या भिंतीवर. दुसऱ्यांदा, डावी भिंत. तिसऱ्यांदा, पुन्हा डावी! मला बघवेना. ही खाली उतरली, सीटकडे बघितलं आणि म्हणाली, 'ही सीट बरोबर नाही बसलेली.'

माझी सीट! मी गुण्या काढला, दाखवला. ही म्हणाली, 'तुमचा गुण्या काय म्हणतो ते नका सांगू. मला काय वाटतं ते ऐका. सीट जरा डावीकडे फिरवा.'

फिरवली. वाद कोण घालणार?

१६ फेब्रुवारी

पुन्हा म्हणाली, अजून थोडी डावीकडे. फिरवली. भिंतीला लागली, पण कमी.

१८ फेब्रुवारी

दरवेळी बोल्ट काढून नवी भोकं पाडायचा कंटाळा आला. सीटखाली पत्र्यात लांबट खाच कापली. आता बोल्ट ढिला केला की सीट हवी तशी फिरते. तर बाईसाहेबांनी पूर्ण खाच संपेपर्यंत फिरवली! म्हटलं, 'अगं, भिंतीकडे तोंड करून बसणार का?' म्हणाली, 'अशीच राहू द्या.'

आणि बसली. आणि एकाही भिंतीला लागली नाही!

२२ फेब्रुवारी, रविवार

गेममध्ये सगळ्यात कमी वेळेचा विक्रम मेहुण्याचा होता. हिनं मोडला. रेसच्या गाडीत! बस चालवणाऱ्या माझ्या बायकोनं! मेहुणा तोंड उघडं टाकून बघत होता. मग इरेला पेटून स्वतः बसला आणि धाडकन उजव्या भिंतीवर. 'दाजी, ही सीट वाकडी आहे!'

मी म्हटलं, वाकडी नाही, तुझ्या ताईच्या मापाची आहे. तो विचार करून म्हणाला, हो, खऱ्या रेसवाल्यांचीही सीट त्यांच्याच अंगाच्या मापाची असते, दुसऱ्याला बसत नाही. मला ते एकदम पटलं. छाती फुगली माझी.

आईसुद्धा बसून बघते म्हणाली. बसली. 'टीव्ही तिकडे आणि मी भिंतीकडे बघू? तुझ्या बापानंसुद्धा असलं काही केलं नव्हतं.' किती हसलो सगळे! ही सगळ्यांत जास्त हसली.

५ मार्च, गुरुवार

पास!!!

डेपोतून फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो. पडलोच असतो. पास, आणि नुसती पास नाही, सगळ्यांत वरचे गुण. केंद्रातले साहेब म्हणाले म्हणे, 'बाई, तुम्ही अशा तिरक्या का बसता?' ही म्हणाली, 'पाठ दुखते.' घरी येऊन तिनं नक्कल करून दाखवली. एक खांदा मागे, तोंड डावीकडे. मी पोट धरून हसलो.

सोळा तारखेच्या सोमवारपासून जोडबस हिच्या हातात. आज आईसुद्धा टीव्हीचं विसरली.

११ मार्च, बुधवार

मेहुण्याच्या मित्राला अशीच केबिन पाहिजे. मापं काढायला मागच्या खोलीत गेलो. सीटच्या मध्यातून दोरी ताणली.

दोरी टीव्हीला लागेचना. टीव्हीच्या पार डावीकडे, खिडकीच्या चौकटीला लागली! मी पुन्हा ताणली. पुन्हा खिडकी. एवढी वाकडी? मी? शिकाऊ माणसानं असं फाटक लावलं असतं तर मी ते त्याच्या डोक्यात घातलं असतं. थोडी थोडी फिरवत गेलो, हसण्यावारी नेलं आणि नेमकी किती फिरली ते कधी मोजलंच नाही.

मग त्या सीटवर बसलो. हिच्यासारखा. समोर खिडकी, टीव्ही सगळा उजव्या हाताला. असं बसून कोणाला नीट दिसेल? ज्याला डावीकडचं दिसत नाही त्यालाच.

मेहुण्याला म्हटलं, मापं नंतर देतो.

१२ मार्च

मी चुकतोय असं मनाला सांगत होतो. पण आता लक्ष ठेवलं तर सगळंच दिसायला लागलं. दाराच्या चौकटीला हिचा डावा खांदा लागतो. ताटात डावीकडचं तसंच राहतं आणि ही म्हणते, पोट भरलं. आई म्हणते हल्ली सुनेची भूक गेली!

दुपारी जेवताना मी हिच्या डाव्या बाजूला बसलो. ही आईशी बोलत होती. मी पाण्याचा पेला हिच्या गालाजवळ नेला. धरून ठेवला. ही बोलत राहिली. पेला अगदी जवळ होता! पेला कलंडला, पाणी सांडलं तेव्हा ही दचकली. 'अहो, कुठून आलात तुम्ही?'

मी तिथेच बसलो होतो. जेवण सुरू झाल्यापासून.

देवा. सोमवारी ती लांबच लांब बस, आत माणसं खच्चून भरलेली, थांब्यावर डावीकडे उभी असलेली माणसं. आणि आजही दुपारपाळीला ही बस घेऊन गेलीये! काल गेली, परवा गेली. आणि चाचणी पास करायचं साधन कोणी बनवून दिलं? मी! स्वतःच्या हातांनी वेल्ड मारून!

१३ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

सीटसमोर नेलं, दोरी ताणून दाखवली. म्हटलं, सीट वाकडी नाहीये, तुझ्या नजरेत काहीतरी बिघडलंय. आधी हसली. मग इतकी चिडली की आई आपल्या खोलीत निघून गेली. 'तुमच्याच्यानं सरळ बसवता आली नाही आणि दोष माझ्या डोळ्यांना?' सरळ की वाकडी हा वाद मी आयुष्यात पहिल्यांदा सोडून दिला.

मग रडली. मी हिला रडताना फार कमी पाहिलंय. 'माझी गाडी नका काढून घेऊ हो.' हेच, पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, गाडी मी कोण काढून घेणारा? पण डॉक्टरांना दाखवेपर्यंत तू स्टिअरिंगला हात लावायचा नाहीस. डेपोत फोन करून सांग, ताप आलाय. केला तिनं फोन, माझ्यासमोर.

बिचारीला काही कळलंच नसेल. डावीकडचं जग हळूहळू मिटत गेलं आणि हिला पत्ताही नाही. नवरा रोज शेजारी, त्यालाही नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की दुकान उघडलंच नाही.

१४ मार्च

औषधाच्या दुकानदाराला विचारलं. म्हणाला बाजारामागच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाई चांगल्या आहेत. सोमवारची वेळ मिळाली. ही म्हणाली, 'त्याच कशाला? लांब कुठेतरी जाऊ, मोठ्या दवाखान्यात.' घाबरलीये. मी म्हटलं, आधी इथे दाखवू, मग त्या म्हणतील तिथे जाऊ. मी आहे ना बरोबर.

१५ मार्च, रविवार

केबिन झाकून ठेवली. दोघंही त्या खोलीत गेलो नाही.

१६ मार्च, सोमवार

दवाखान्याच्या पायरीवर ही थांबली. परत जाऊ म्हणाली. मी हात धरून वर नेलं.

डॉक्टरबाईंनी मान वर करून हिच्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसल्या. 'या, या. किती महिने वाट बघत होते तुमची! मी मागे बजावलं होतं तसं गाडी चालवणं सोडलंत ना?'

'हो, केव्हाच,' ही म्हणाली. माझ्यासमोर!