सोलापूरच्या खिडकीतलं मीठ

अप्पा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. उद्या तुमच्या नातीसाठी कॉलेजं बघायला निघालेय, आणि पर्समध्ये काय घेतलंय सांगू? जाड्या मिठाची पुडी. तिलाही माझाच दमा. पुडी बघून म्हणाली, "मम्मी, सीरियसली?" अगं बाई, हुबेहूब माझाच आवाज!

तुम्ही भाईंदरच्या मिठागरावर मुकादम. चिमूटभर मीठ बोटांत चोळून हवेची ओल सांगायचात. पेणकरपाड्याच्या आपल्या खोलीत पावसाळाभर माझ्या उशाशी दम्याचा पंप असायचा. बारावीनंतर मला रत्नागिरीच हवं होतं. तुमचं गाव, मावशीचं घर, सुट्टीतल्या मैत्रिणी, सगळं तिथे. पावसात आगर बंद, तुम्ही मोकळे. ऐन जुलैत आधी रत्नागिरीला गेलात, मग सोलापूरला. हॉस्टेलच्या खिडकीत मीठ ठेवायचं, वॉचमनला "हात लावू नका हां" म्हणायचं आणि दिवसभर बाकावर बसून राहायचं. "पावसातच बघायचं गं, तेव्हा हवा खोटं बोलत नाही." आई म्हणाली, "कॉलेज बघायला गेला होतात की आमटी करायला?" रत्नागिरीच्या पुडीचं पाणी झालेलं, सोलापूरची खडखडीत. स्वतःचंच गाव नापास केलंत तुम्ही! मी रडून घर डोक्यावर घेतलं, दोन दिवस जेवले नाही. मिठावरून कुणी कॉलेज ठरवतं का? तुम्ही ताट वाढून समोर ठेवलंत. म्हणालात, "मार्क तू आणशील. श्वास कोण आणून देणार?"

आता लेकीची यादी बघतेय. नाव, प्लेसमेंट, कॅम्पसचे फोटो. तिथे चार वर्षं श्वास घ्यायचाय, हे कुठल्याच रकान्यात नाही. सातवी शिकलेल्या माझ्या बापाला ते कळलं होतं. फार अभिमान वाटतो, अप्पा.

एक सांगायचं राहिलंय. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून धीर होतोय. मला सोलापूरला सोडताना तुम्ही पुडी दिलीत, "आठ दिवस खिडकीत ठेव, मग कळव." मी ती त्याच दिवशी रागाने मेसमागे फेकून दिली, आणि आठवड्याने कार्ड टाकलं, "मीठ कोरडं आहे." ते कार्ड तुम्ही अख्ख्या पाड्याला दाखवत फिरलात. मी मीठ बघितलंच नव्हतं, अप्पा. आणि त्या वर्षी पंपाला एकदाही हात लावावा लागला नाही, ते मात्र तुम्हाला कधी कळवलं नाही.