तीन फुटांचा गज

३ मार्च
मी सांगतेय, सूनबाई लिहितेय. ही रोजनिशी फक्त माझ्यापुरती, दुसऱ्या कुणी वाचायची नाही. मला वाचता येत नाही, म्हणजे गुपित एकदम पक्कं. सूनबाईला बजावलं, लिही, पण वाचू नकोस. बरं म्हणाली. हसली. हसलीस तेही लिही.

विषय छताचा. पत्रे गंजून चाळण झालेत. माझ्या खोलीत आधी बादली होती, मग परात आली, गेल्या पावसाळ्यात तर उशी भिजली. चिरंजीव म्हणाला, एस्टिमेट फार आलं तर मागची खोली सोडून देऊ, आई हॉलमध्ये झोपेल. मागची खोली म्हणजे माझी. सोडून देऊ म्हणे! मी काय फाटकी चप्पल आहे?

संकल्प : एस्टिमेट मीच काढणार.

५ मार्च
मिस्त्री आला. कमरेला टेप, कानावर पेन्सिल. अर्धा कप चहा संपायच्या आत याचं मोजून झालं. लांबी छत्तीस फूट, पत्रा तीन फूट रुंद, एका उताराला बारा पत्रे, दोन्ही मिळून चोवीस. एस्टिमेट पाहून चिरंजीव खूश. सगळं बसतंय म्हणाला, आईची खोलीसुद्धा.
एवढ्या स्वस्तात? मला तेव्हाच वास आला.

६ मार्च, सकाळ
स्वतः मोजलं. छतावर कोण चढू देतंय, म्हणून भिंतीच्या कडेने. माप माझी काठी. ही साधी काठी नाही. आमचे हे शिंपी होते. दुकान बंद केलं तेव्हा कापड मोजायचा लाकडी गज वर मूठ बसवून माझ्या हातात दिला. बरोबर तीन फूट. टेप ताणला की लांबतो, माणसं तर न ताणताही बदलतात, गज बदलत नाही.

मोजले. साडेचौदा गज भरले. टेपवाल्याचे बारा.
पुन्हा मोजले. साडेचौदाच.

६ मार्च, दुपार
उलगडा झाला. अडीच गज कमी धरलेत. माझी खाट तेवढ्याच जागेत बसते. म्हणजे सगळ्या घरावर छप्पर आणि माझ्या डोक्यावर आभाळ! टेपवाला आणि चिरंजीव, दोघांचं संगनमत. ज्याला मांडीवर घेऊन झोपवलं, त्याने माझीच झोपायची जागा खाल्ली. जेवले नाही. सूनबाई म्हणतेय, दोन वेळा वाढून घेतलंत. ते लिहू नकोस.

७ मार्च
सूनबाईला फोन लावायला लावला, मिस्त्रीने ऑर्डर दिलीय त्या पत्र्याच्या दुकानात. चिरंजीवाला सांगशील तर याद राख, अशी तंबी दिली. दुकानदाराने विचारलं कोण बोलतंय. म्हटलं घरमालकीण. चोवीस नाही, तीस. वर दोन हाताशी, एकूण बत्तीस. मापाने कापूनच पाठव, नंतर घोळ नको. दुकानदार आजी आजी करत होता. गोड बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, पण हा हुशार वाटला.

चिरंजीवाशी अबोला. हॉलमध्ये मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून टीव्ही बघितला. टीव्हीचं टेबल पूर्वी डुगडुगायचं, हल्ली नाही. त्याने पायाखाली काहीतरी जुगाड केलाय. साहेबांची कारागिरी तेवढीच.

१४ मार्च
छत झालं. माझ्या खोलीवरसुद्धा, अगदी भिंतीच्या बाहेरपर्यंत. मी नसते तर? तसं बोलूनही दाखवलं.
मग मिस्त्री म्हणाला, आठ पत्रे उरलेत.

दुकानदार परत घेईना. कापलेला माल म्हणे. चिरंजीव माझ्याकडे बघतो, मी सूनबाईकडे, सूनबाई छताकडे. शेवटी मी म्हटलं, तुझा टेप खोटा आहे. मिस्त्रीने टेप काढला, माझ्या काठीला लावला.
मुठीखाली अडीच फूट.

म्हटलं, बघा, सहा इंच खातो याचा टेप!

तेव्हा चिरंजीवाने तोंड उघडलं. काठी त्यानेच कापली. दोनदा. मी झोपले असताना. का, तर मी वाकलेय, काठी उंच पडायची, तोल जायचा. मला का नाही विचारलंस? तर म्हणे, आई, तू ऐकलं असतंस का? मी वाकलेय हे तुला कोण सांगणार?

मी वाकलेली नाही. सूनबाई, पेन का थांबलं? लिही. वाकलेली नाही.

बापाचा गज कापला. टेपवाला परका होता, तो खरा निघाला. घरातल्याने दगा दिला.

१५ मार्च
आठ पत्रे ठेवायला जागा नाही. अंगणात ठेवले तर गंजतील. सगळ्यात कोरडी खोली आता माझी. त्यामुळे पत्रे माझ्या खोलीत. खाट हॉलमध्ये. चिरंजीवाने स्वतः उचलून आणली, हळू, न आपटता. थँक्यू म्हटलं नाही.

अबोला सोडून एकच विचारलं. कापलेले तुकडे टाकलेस का रे? मान खाली घालून टीव्हीच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

खाटेवरून दिसतात. दोन पायांखाली दोन तुकडे. यांच्या गजावर या घरात आता एकटा टीव्ही ताठ उभा आहे.