फळी पुसली होती का?

११ मार्च १८४३, पापुआचा किनारा

आज चार मिळाले! मैनेएवढं पाखरू, पोट नारिंगी, डोकं काळं. माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही. उद्या नांगर उचलणार, म्हणून दिवसभर डेकवर बसून संग्रहासाठी कातडी सोलत होतो.

कातडं माझं, मांस खलाशांचं — प्लिमथ सोडल्यापासूनचा हा रिवाज. जॉब पेन्हेल नेहमीसारखा भांडं घेऊन हजर. शिकारीला माझ्याबरोबर हाच येतो. नेम पक्का, जिभेला हाड नाही. म्हणाला, "साहेब, तीन वर्षं तुमचं उष्टं खातोय. घरी गेल्यावर बायकोला काय तोंड दाखवू?"

१२ मार्च

पेन्हेल आडवा पडलाय. ओठ बधिर, बोटं बधिर, सारखा ओकतोय, पाय उचलत नाहीत. डॉक्टर क्विलरांनी त्याला तपासलं आणि वळून मलाच विचारलं, "सोमल कुठे कालवता तुम्ही?"

सोमल जहाल विष, पण कातड्याला आतून तो चोळला नाही तर कीड लागते. तो मी कालवतो त्याच फळीवर, जिच्यावर मांस काढतो. मध्ये फळी पुसतो. नेहमी पुसतो. काल पुसली होती का? काही केल्या आठवत नाही!

त्याच्या पंगतीतले दोघे ठणठणीत आहेत. एकाच तुकड्याला लागला असेल.

१३ मार्च

पेन्हेलपाशी बसलो. हात हातात घेतला तर म्हणाला, "कुणी धरलाय तेच कळत नाही, साहेब." शरमेनं मेल्यासारखं झालं. तो माझ्या नजरेला नजर देत नाही. मी तरी कुठल्या तोंडानं देणार!

१४ मार्च

कप्तान ट्रेगार्थांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

"चूक कुणाची?"

"माझी असावी."

"असावी?"

"माझी."

"मग सोमलाचा एक कणही जहाजावर नको. आणि तो ज्याला ज्याला लावलाय तेही नको."

दुपारी सगळं समुद्रात गेलं. सोमलाचे डबे, मग कातड्यांच्या पेट्या — ब्राझीलच्या, चिलीच्या, बेटांवरच्या. शेवटी त्या चार नारिंगी पाखरांचीसुद्धा. सगळ्यांदेखत मीच फेकायच्या, असा हुकूम होता. मागून कुणीतरी म्हणालं, "आता मासे मरतील." हसलं कुणीच नाही. पेट्या लगेच बुडत नाहीत. बराच वेळ दिसत राहिल्या.

१७ मार्च

पेन्हेल उठून बसला. पेज प्यायला. देवा, तुझे उपकार.

२ मे, हिंदी महासागर

मी दिसलो की आचारी भांड्यावर झाकण ठेवतो. जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारची जागा रिकामी. क्विलर तेवढे हवापाण्याचं बोलतात, तेही माझ्या ताटाकडे बघत.

पेन्हेल आता दोरांवर चढतो, पण मला टाळतो. त्याचं काही चुकत नाही.

१९ मे

कप्तानांनी स्वच्छ सांगितलं. मला आफ्रिकेच्या टोकाला, केपला उतरवणार. लंडनला अहवाल जाणार — निष्काळजीपणानं विषबाधा. तो पोचला की मला पुन्हा कुठलं जहाज घेणार नाही, आणि दुसरं काही मला येत नाही. वाद घातला नाही. घालणार कशाच्या जोरावर?

३० मे, केप

सकाळी पेन्हेल माझी ट्रंक बांधायला आला आणि दोरी हातात घेऊन खाली बसला.

"साहेब, तुमच्या फळीवरचं मांस मी खाल्लंच नव्हतं. ते त्या दोघांना दिलं. मी त्यातलंच पाचवं एक मारलं होतं, जहाजाची बंदुकीची दारू चोरून. पिसं उपटली, कातड्यासकट भाजलं, एकट्यानंच खाल्लं."

बंदुकीची दारू चोरणाऱ्याला इथे डोलकाठीला बांधून चाबकानं फोडतात. म्हणून गप्प बसला. "अजूनही फोडतील हो," म्हणाला आणि रडायला लागला.

म्हणजे फळीचा काही संबंधच नव्हता. विष पाखराच्याच कातड्यात होतं! विषारी पक्षी — असं कुठे वाचलेलं नाही, कुणी म्हटल्याचं ऐकलेलं नाही. तीन वर्षांत एवढा मोठा शोध लागला नव्हता, आणि दाखवायला माझ्याकडे एक पीस नाही. साक्षीदार फक्त पेन्हेल.

होडीत उतरताना कप्तानांनी विचारलं, "जाण्याआधी काही सांगायचंय?"

पेन्हेल वर कठड्याशी उभा होता. मी "नाही" म्हणालो.