परळातली वावळ

बुलढाणा, ता. १२ जानेवारी १९४९

चि. रंगराव यास रुक्मिणीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे सर्व ठीक. तुले पलटणीतून परतून सव्वा वर्ष झालं, पण माझ्या चार पत्रांले एकही उत्तर नाही. परवा तुझे भाऊजी बालाजीच्या दर्शनाले आले तेव्हा तुझ्याकडं डोकावले. तू पाणी दिलं, जेवणाचं विचारलं, अन् मग दोन घंटे एका वीतभर वावळीसमोर बसून राह्यला म्हणे. एवढ्याशा झाडाची सावली कोणाले पुरणार, मुंगीले? अन्नपूर्णाही गप्पच असते, असं ते सांगत होते. रागाचं लिही, पण लिही. नाही तर झाडाचंच लिही.

मायेत अंतर पडू देऊ नको.
तुझी अक्का


देऊळगाव राजा, ता. ३ फेब्रुवारी १९४९

ती. अक्कास सा. न. वि. वि.

झाडाचं लिही म्हणतेस म्हणून लिहितो. विहिरीच्या भिंतीत उगवलेलं वावळीचं रोप काढून आणलं अन् मातीच्या उथळ परळात लावलं. शेंडा छाटला की बाजूनं फांद्या फुटतात. त्यांले तांब्याची तार गुंडाळून हळूहळू वळवायचं. लढाई संपल्यावर जपानात आमच्या पलटणीच्या तळामागं एक म्हातारा अशी झाडं करायचा. त्याची भाषा मले येत नव्हती, हात पाहून शिकलो.

सध्या पानं गळाली आहेत, म्हणून काल झाड बाहेर काढून मुळं छाटली. कापताना काही वाटत नाही. आजकाल कशाचंच वाटत नाही. जाड मुळांपासून नवी रोपं होतात. तीन तुकडे ओल्या फडक्यात, मोटारवाल्या निजामच्या हाती पाठवले आहेत. खोडाकडचं टोक वर ठेवून रेतीमातीत उभे लाव. ओल ठेव, चिखल करू नको. उपटून पाहू नको.

माझी अन् अन्नपूर्णाची पोर गोजर सात महिन्यांची असताना गेली. त्यानंतरची तुझी नऊ पत्रं माझ्या ट्रंकेत आहेत. त्यांत तिले दात येतात, ती उभी राहते, चालते. ती पत्रं मी तळावर सगळ्यांले वाचून दाखवली होती.

अन्नपूर्णाचा नमस्कार.
रंगराव


बुलढाणा, ता. ९ मार्च १९४९

चि. रंगराव यास आशीर्वाद.

वि. वि. दोन तुकडे गेले. एक वाळला, एक मी न राहवून उपटून पाह्यला. तिसऱ्याले कोंब आहे.

पत्रांचं लिहिते. गोजर तापानं गेली तेव्हा बाबांनी सगळ्यांले बजावलं, की परमुलखात त्याले कळवायचं नाही, जिवाचं बरंवाईट करून घेईल. अन्नपूर्णाले लिहिता येत नाही, म्हणून लिहिणं माझ्याकडं आलं. पहिलं पत्र बाबांच्या सांगण्यावरून लिहिलं. पुढची आठ मले कोणीच सांगितली नव्हती. इथं माझ्या शेजारच्या अमीनाची नजमुन्निसा गोजरच्याच वयाची. ती जे करे, ते मी गोजरच्या नावानं लिहीत गेले. लिहिताना मले बरं वाटे. बाबा आता नाहीत, त्यांच्यावर ढकलत नाही. माफी मागायले तोंड नाही.

तुझी अक्का


देऊळगाव राजा, ता. २७ मार्च १९४९

ती. अक्कास सा. नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र अन्नपूर्णाले वाचून दाखवलं. त्या नऊ पत्रांत काय होतं, हे तिले आजवर ठाऊक नव्हतं. तिनं ट्रंक उघडायले लावली अन् सगळी माझ्याकडून वाचून घेतली. ज्वारी निवडत होती, निवडतच राह्यली. गोजर उंबऱ्यावरून एकटी खाली उतरते, तिथं तिनं मले थांबवलं अन् पुन्हा वाचायले सांगितलं. मग विचारलं, की पडली होती का. मी म्हटलं, अक्कानं तसं लिहिलं नाही. रडलं कोणीच नाही.

तुझ्यावरचा राग गेला का, मले समजत नाही. समजलं की कळवीन. कोंबाले चार पानं येईतो कडक ऊन लागू देऊ नको. शेंडा मी येऊन छाटीन.

अन्नपूर्णाचं एक मागणं आहे. अमीनाभाभींची हरकत नसेल, तर चैत्रात त्यांले अन् नजमुन्निसाले सोबत घेऊन इकडं ये. पोरीले एकदा चालताना पाहायचं म्हणते. मी म्हटलं, ती आता तीन वर्षांची झाली, पळत असेल. पळू दे, म्हणाली.

वाट पाहतो.
तुझा रंगराव